सोयाबीन सुरू केलं आणि वजन वाढलं, थायरॉईडही बिघडला. सोया बंद करू का?

अबोली_४३

नमस्कार मंडळी. गेले काही दिवस डोक्यात हाच विषय आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

वय ४३, सहा वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू आहे (७५ मायक्रोग्रॅम). चार महिन्यांपूर्वी वजन कमी करायचं मनावर घेतलं. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं की तुमच्या जेवणात प्रथिनं फारच कमी आहेत, सोया वाढवा. मी मनापासून सुरू केलं. सकाळी सोया दूध, दुपारी सोयाच्या वड्या, संध्याकाळी भूक लागली की भाजलेलं सोयाबीन. एक दिवस चुकवला नाही.

चार महिन्यांनी काटा ७१ वरून ७३.४ वर गेलाय. परवा रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईड मंदावला की वाढणारा आकडा) २.८ वरून ७.९ झालेला. नणंद म्हणते सोयात बायकांचे हार्मोन असतात, त्यानेच शरीर फुगतं. व्यायामाच्या ताई म्हणतात सोयासारखं दुसरं काही नाही. दोघी माझ्या भल्याचंच बोलतायत. मला खरंच कळेनासं झालंय. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे, तोवर ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा प्लीज.

रानवाट

ताई, माझं ऐकाल तर आजच बंद करा. सोयात इस्ट्रोजेन असतं, पुरुषांची छाती वाढल्याच्या बातम्या मी स्वतः वाचल्यात. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, पोहतो. त्याच्या प्रशिक्षकांनी वड्या खायला सांगितल्या आणि मला रोज धास्ती वाटते. इथे कोणी जाणकार असेल तर माझ्याही प्रश्नाचं उत्तर द्या.

तीळतांदूळ

मी आहारतज्ज्ञ आहे, १४ वर्षं हेच काम करते. अबोलीताई, बंद करा किंवा चालू ठेवा असं सांगण्याआधी मला काही गोष्टी हव्यात.

गोळी किती वाजता घेता आणि सोया दूध किती वाजता? दूध साधं की गोड, चवीचं? पाकिटावर 'कॅल्शियमयुक्त' लिहिलंय का? वड्या कोरड्या मोजता की भिजवून? तेल किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोया आल्यावर जेवणातून बाहेर काय गेलं?

अबोली_४३

इतकं कोणी विचारलंच नव्हतं. लिहिते.

गोळी सकाळी साडेसहाला, सोया दुधाच्या घोटाबरोबरच. पाण्याबरोबर घेतली की मळमळतं, म्हणून दूध सुरू केल्यापासून तीच सवय लागली. दूध व्हॅनिला चवीचं, दोन ग्लास. हो, कॅल्शियमयुक्त लिहिलंय. वड्या भिजवून, पिळून साधारण १०० ग्रॅम घेते. पाकिटावर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रथिनं लिहिलंय, म्हणजे दिवसाचं जवळजवळ झालंच असं मी धरत होते. दोन मोठे चमचे तेलात कुरकुरीत परतते. भाजलेलं सोयाबीन मूठभर, कधी दोन मुठी. बाहेर फक्त न्याहारी गेली, बाकी जेवण होतं तसंच आहे.

तीळतांदूळ

ताई, तुमच्या उत्तरात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्याच ठेवूया, नाहीतर नणंदही बरोबर वाटेल आणि व्यायामाच्या ताईही.

आधी गोळी. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तुमची थायरॉईडची गोळी, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास पोटात काही जाऊ नये. सोयामुळे ती आतड्यात नीट शोषली जात नाही. कॅल्शियममुळेही जात नाही, म्हणून कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांपासून तिला चार तास लांब ठेवायला सांगतात. तुम्ही चार महिने रोज या दोन्ही गोष्टींबरोबरच ती घेतलीत. पोटात ७५ गेली तरी रक्तात तेवढी पोचली नसणार. माझ्या मते टीएसएच वाढण्याचं हे सगळ्यात संभवनीय कारण आहे. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात हेच सांगा, नाहीतर ७.९ आकडा बघून डोस वाढेल. मग उद्या तुम्ही दूध सोडलंत की तोच डोस जास्त होईल, छातीत धडधड सुरू होईल. मळमळीचंही बोला, गोळी रात्री घेण्यासारखे पर्याय असतात, पण ते त्यांनीच ठरवायचे.

खुद्द थायरॉईड ग्रंथीला सोयाचा त्रास होतो का? पूर्वी सोयाच्या शिशुआहारात आयोडीन घालत नसत, तेव्हा काही बाळांना गलगंड झाला होता. आयोडीन घालू लागल्यावर तो प्रश्न संपला. पुरेसं आयोडीन मिळणाऱ्या निरोगी माणसाला नेहमीच्या प्रमाणातल्या सोयाने धोका दिसलेला नाही. मात्र ज्यांचा थायरॉईड आधीच काठावर आहे आणि गोळी सुरू नाही, त्यांना मी थोडी सावध राहायला सांगते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा ६० जणांना रोज १६ मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन (सोयातली वनस्पतिजन्य द्रव्यं) दिली होती, त्यातल्या सहा जणांचा आजार पूर्ण स्वरूपात आला. त्याच चाचणीत त्यांचा रक्तदाब आणि इन्सुलिनचा प्रतिरोध सुधारला होता, हेही सांगायला हवं. तुमची गोळी चालूच आहे, तेव्हा तुमच्यासाठी वेळेचं अंतर आणि रोजच्या खाण्यातला सारखेपणा, एवढंच.

आता वजन. १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम हा आकडा कोरड्या वडीचा आहे. भिजल्यावर वडी दोन-तीन पट पाणी पिते. तुमच्या ओल्या १०० ग्रॅममध्ये प्रथिनं असतील १३-१७ ग्रॅम. ही चूक इतकी जण करतात की पाकिटावर भिजवलेल्या वडीचा आकडाही छापायला हवा असं मला नेहमी वाटतं.

शिवाय पिळलेली वडी स्पंजसारखी असते. कढईत पडली की तेल ओढून घेते. दोन मोठे चमचे तेल म्हणजे जवळपास २४० कॅलरी, स्वतः वडीपेक्षा जास्त. गोड सोया दूध दोन ग्लास म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे. भाजलेलं सोयाबीन आरोग्याचं वाटतं, पण त्यात २० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश आहे. ५० ग्रॅमला सव्वादोनशे कॅलरी सहज. सगळं मिळून आठशेच्या पुढे गेलं आणि त्या बदल्यात गेली ती एक न्याहारी.

थायरॉईडचं काम मंदावलं की थोडं वजन त्यानेही वाढतं, पण ते बरंचसं मीठ-पाणी साठल्याचं असतं. तुमच्या २.४ किलोत दोन्हीचा वाटा असावा.

पिंपळपान२

+१. भिजवलेल्या वडीचं मला आज कळलं. दोन वर्षं चुकीचं मोजत होते.

ओंजळभर

रानवाट, तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो. घाबरणाऱ्या बापाला 'काही होत नाही हो' म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही.

सोयात इस्ट्रोजेन नसतं. आयसोफ्लेव्होन नावाची वनस्पतिजन्य द्रव्यं असतात, मुख्यतः जेनिस्टीन आणि डायडझीन. त्यांच्या रेणूचा आकार इस्ट्रोजेनशी थोडा जुळतो, म्हणून ती त्याच्या ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या रिसेप्टरवर, जाऊन बसू शकतात. पण या ग्राहकांचे दोन प्रकार आहेत, अल्फा आणि बीटा. आपलं इस्ट्रोजेन दोन्हींवर जोरात बसतं. आयसोफ्लेव्होन बीटाकडे जास्त ओढली जातात आणि तिथेही त्यांचा जोर कितीतरी कमी असतो. एकाच द्रव्याचा परिणाम एका अवयवात इस्ट्रोजेनसारखा आणि दुसऱ्यात त्याच्या उलटा दिसू शकतो, तो यामुळे. 'सोया म्हणजे बायकांचे हार्मोन' या वाक्यात ही सगळी गुंतागुंत पुसली जाते.

भीतीला मूळ मात्र आहे. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्यांना गर्भ राहीनासा झाला. त्या गवतातलं एक द्रव्य मेंढीच्या पोटात इक्वॉल नावाच्या पदार्थात बदलत होतं आणि त्याने त्यांचं प्रजननचक्र बिघडत होतं. माणसाच्या आतड्यातले काही जीवाणूही सोयातल्या डायडझीनपासून इक्वॉल बनवतात, पण सगळ्यांच्या पोटात ते जीवाणू नसतात. पाश्चात्त्य लोकांत साधारण चौथा हिस्सा, जपानसारख्या देशांत निम्म्याच्या आसपास लोक ते बनवू शकतात. सोयाच्या अभ्यासांत निष्कर्ष एकसारखे येत नाहीत, त्याचं हे एक कारण असावं असं मानतात. आणि मेंढी दिवसभर तेच गवत खात होती, तुमचा मुलगा वाटीभर वड्या खातो.

छाती वाढल्याच्या बातम्यांबद्दल. वैद्यकीय नियतकालिकांत ज्यांचा पुन्हा पुन्हा उल्लेख होतो अशा दोन नोंदी आहेत. २००८ ची नोंद ६० वर्षांच्या गृहस्थांची, ते रोज जवळपास पावणेतीन लिटर सोया दूध पीत होते. २०११ ची १९ वर्षांच्या मुलाची, त्याचा त्रास छातीचा नव्हता, लैंगिक इच्छा कमी होण्याचा होता; त्याच्या आहारातून दिवसाला सुमारे ३६० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन जात होती. जपानमध्ये पारंपरिक खाण्यातून सर्वसाधारणपणे ३० ते ५० मिलिग्रॅम जातात. सोया बंद केल्यावर दोघांचे हार्मोन पूर्वपदावर आले. म्हणजे अतिरेक केला तर परिणाम होऊ शकतो, हे खरंच आहे. पण २०२१ साली ४१ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात सोया खाणाऱ्या पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये आणि इस्ट्रोजेनमध्ये फरक आढळला नाही.

रानवाट

दादा, आभार. मेंढ्यांचं ऐकून आधी पोटात गोळा आला, पण पुढचं वाचून बरं वाटलं. एक विचारू का? शुक्राणू कमी होतात असंही वाचलं होतं. मुलाचं वय बघता हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

ओंजळभर

विचारायलाच हवं. तो अभ्यास २००८ चा आहे, वंध्यत्व केंद्रात आलेल्या ९९ जोडप्यांमधल्या पुरुषांचा. जास्त सोया खाणाऱ्यांत दर मिलिलिटरमागे शुक्राणू कमी दिसले, पण त्यांची हालचाल आणि आकार यांत फरक नव्हता. हा संबंध लठ्ठ पुरुषांमध्ये जास्त ठळक होता. एवढ्या छोट्या गटावरून आणि खाण्याच्या आठवणीवरून कारण सिद्ध होत नाही. मुलाला आठवड्यातून तीन-चार वेळा वड्या द्या, बाकीचे दिवस प्रथिनं दुसरीकडून येऊ द्या. त्याच्या वयात एकाच पदार्थावर सगळा भार टाकू नये. त्याला सोयाची भुकटी घातलेले डबे कोणी देत असेल तर मात्र त्यावर लक्ष ठेवा. भुकटी प्यायली की बघता बघता मोठं प्रमाण पोटात जातं, वाटीभर वड्यांत तसं होत नाही.

शेवंती_रात्र

मी इथे फारशी लिहीत नाही, आज लिहावंसं वाटलं.

सहा वर्षांपूर्वी मला स्तनाचा कर्करोग झाला, हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या प्रकारचा. शस्त्रक्रिया झाली, किरणोत्सार झाला, पुढे पाच वर्षं गोळी. घरी आल्यावर प्रत्येक भेटायला येणाऱ्याने एक तरी पदार्थ काढून घेतला आणि सगळ्यांच्या यादीत सोया पहिलं. माझी भूक मेली होती, मांस सोसत नव्हतं, टोफू, म्हणजे सोयाचं पनीर, तेवढा घशाखाली उतरत होता. तोही सोडला. तीन वर्षं सोया सॉसचा थेंब असलेलं काही खाल्लं नाही. चुकून खाल्लं गेलं तर रात्रभर झोप लागायची नाही.

मग एका तपासणीला धीर करून माझ्या कर्करोगतज्ज्ञांना विचारलं. त्यांनी मला शांघायच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या ५०४२ स्त्रिया, निष्कर्ष डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापलेले. ज्या स्त्रिया जास्त सोया खात होत्या त्यांच्यात मृत्यूही कमी आणि आजार उलटण्याचं प्रमाणही कमी. टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी घेणाऱ्यांतही, न घेणाऱ्यांतही. दिवसाला ११ ग्रॅम सोया प्रथिनांपर्यंत हा संबंध वाढत जातो, त्यापुढे नाही. डॉक्टर म्हणाले, याचा अर्थ सोयाने कर्करोग बरा होतो असा घेऊ नका, त्या स्त्रिया आयुष्यभर तेच खात आलेल्या होत्या. पण तुम्ही वाटीभर टोफूला घाबरायचं कारण मला दिसत नाही. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या आणि अर्क मात्र घ्यायचे नाहीत, असं त्यांनी बजावून सांगितलं.

त्या दिवशी घरी येऊन मी टोफू केला आणि रडले. खाण्याचा आनंद आजाराने नेला नव्हता, भीतीने नेला होता. कृपया आजारी माणसाला काही सोडायला सांगताना आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा.

अबोली_४३

शेवंतीताई, काय लिहू कळत नाही. तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल खूप आभार.

तीळतांदूळ

शेवंतीताई, मी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सल्ला देणाऱ्या आम्हा सगळ्यांनी तो वाचायला हवा.

काठावरचा

माझ्या वडिलांना हृदयरोग आहे. सोयाने कोलेस्टेरॉल उतरतं म्हणतात ते कितपत खरं? आणि सोयाबीन तेल मग चांगलंच असेल ना?

ओंजळभर

उतरतं, पण थोडं. १९९५ मध्ये ३८ चाचण्या एकत्र करून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जवळपास १३ टक्के कमी होतो असं निघालं होतं. त्या उत्साहात १९९९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिवसाला २५ ग्रॅम सोया प्रथिनं हृदयासाठी हितकर, असं पाकिटावर लिहायला परवानगी दिली. नंतरच्या चाचण्यांत तोच आकडा ३-४ टक्क्यांवर आला आणि २०१७ मध्ये ती परवानगी मागे घेण्याचा प्रस्ताव त्याच प्रशासनाने मांडला. वडिलांच्या गोळीची जागा सोया घेणार नाही. चरबीयुक्त मांसाऐवजी सोया आलं तर फायदा आहे, कारण ताटातली संपृक्त चरबी त्याने कमी होते.

तेल हा वेगळाच पदार्थ आहे. त्यात प्रथिनं नाहीत, आयसोफ्लेव्होनही जवळजवळ नाहीत. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रात उंदरांना सोयाबीन तेलाचं जास्त चरबीचं खाणं दिलं तर ते खोबरेल तेलवाल्यांपेक्षा जास्त लठ्ठ झाले. ते उंदीर होते, माणसं नव्हेत, त्यामुळे तेवढ्यावरून तेल टाकून देऊ नका. पण 'सोयाने वजन वाढतं' म्हणत फिरणाऱ्या बातम्यांत हा तेलाचा अभ्यास पुष्कळदा टोफूच्या माथी मारलेला असतो, ते लक्षात असू द्या.

मातीचा_दिवा

माझ्या धाकटीला सोयाची ॲलर्जी आहे, म्हणून एवढंच सांगते: बिस्किटं, सूप, सॉस, तयार मसाले, कशातही सोया असतं. पाकिटामागचं बारीक अक्षर प्रत्येक वेळी वाचा, एकदा वाचलं म्हणून पुढच्या वेळी सोडू नका, कृती बदलतात. पुष्कळ मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात जाते असं डॉक्टर म्हणाले आहेत, त्या आशेवर आहोत.

पिंपळपान२

पोटात गॅस होतो त्याचं काय करावं? घरात सगळ्यांना त्रास होतो.

तीळतांदूळ

सोयाबीनच्या दाण्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात, त्या आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या खातात आणि गॅस होतो. दाणे रात्रभर भिजवा, पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले अजिबात नकोत. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यं असतात, ती उष्णतेने बरीचशी निष्प्रभ होतात. कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत आणि शिजवलेल्यावर वाढतात, हे १९१७ सालीच दिसून आलं होतं. टोफू आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) पोटाला हलके जातात. टेंपेसारखे मिसो (सोयाची जपानी पेस्ट) आणि सोया सॉसही आंबवलेले, पण त्यांत मीठ फार. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. रक्तदाब असेल तर हात आखडता ठेवा.

काठावरचा, वडील रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असतील तर नाट्टो हा आंबवलेला प्रकार नको. त्यात के जीवनसत्त्व खूप असतं, औषधाचा परिणाम कमी होतो.

आणि अबोलीताई, वजनाबद्दल एक राहिलं. कॅलरी आणि प्रथिनं सारखी ठेवून सोयाची दुधाच्या प्रथिनांशी तुलना केलेल्या चाचण्यांत वजन दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरतं. पोट भरल्यासारखं वाटतं ते प्रथिनांमुळे. तेव्हा सोया खायचंच असेल तर ते कशाच्या तरी जागी खा. साधं, बिनसाखरेचं दूध एक ग्लास, गोळीनंतर काही तासांनी. वड्या शिजवून रश्शात सोडा. भाजलेलं सोयाबीन वाटीत मोजून घ्या आणि डबा परत ठेवून द्या.

अबोली_४३

दहा आठवड्यांनी परत आलेय. धागा वर काढल्याबद्दल माफ करा, पण इतक्या जणांनी वेळ दिला होता, तेव्हा सांगायलाच हवं.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात गोळी आणि सोया दुधाचं सांगितलं. त्यांनी डोस अजिबात बदलला नाही. गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर तीन-चार तासांनी, पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. रात्री मळमळ जाणवत नाही. आठ आठवड्यांनी तपासलं, टीएसएच ३.१.

सोया सोडलं नाही. साधं दूध सकाळी नऊला, न्याहारीच्या जोडीने. वड्या कोरड्या ३० ग्रॅम मोजून, आठवड्यातून चार वेळा, एका लहान चमचाभर तेलात. वजन ७०.८ आहे. पहिल्या तीन आठवड्यांतच दीड किलो उतरलं, तीळतांदूळताई म्हणाल्या तसं ते बहुतेक पाणीच असावं, कारण त्यानंतर अगदी सावकाश चाललंय.

नणंदेला हा सगळा धागा वाचायला दिला. ती शेवंतीताईंच्या प्रतिसादापाशी थांबली. तिच्या मावशीचीही तीच शस्त्रक्रिया झालीय आणि नणंदेनेच त्यांचं सोया बंद केलं होतं. काल ती त्यांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे विचारायला गेली.

शेवंती_रात्र

मावशींना माझा नमस्कार सांगा. काही विचारावंसं वाटलं तर मी इथे आहे.